लाटेचा फोटो ‘अमूर्त’ कधी होतो?

तुम्ही असे फोटो नक्की पाहिले असणार. पहिल्या नजरेला डोंगररांग वाटते. वर बर्फाची कड, खाली काळा कातळ, मागे भरून आलेलं आभाळ. मग खालची ओळ वाचली की कळतं, ही लाट आहे. किंवा निळ्या-हिरव्या रेशमाच्या घड्या वाटतात आणि तेही पाणीच निघतं. फोनवर असे दोन-तीन फोटो रोज समोर येतात आणि त्यांच्याखाली एक शब्द हमखास असतो, ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’. मराठीत लिहिणारे ‘अमूर्त’ लिहितात.

माझं पीएचडीचं काम छायाचित्रणातल्या अमूर्ततेवर आहे आणि त्यातलं एक प्रकरण समुद्रावर आहे. घरी कुणी विचारलं की ‘तू नक्की करतेस तरी काय?’, तर ‘लाटांचे फोटो बघते’ असं उत्तर द्यावं लागतं, आणि ते काही खोटं नाही. त्या प्रकरणातला मुख्य वाद आज तुमच्यासमोर मांडते. तो थोडक्यात असा: लाटांचे बहुतेक ‘अमूर्त’ फोटो म्हणजे कोडी असतात. उत्तर कळलं की ती संपतात. थोडे फोटो मात्र उत्तर माहीत असूनही संपत नाहीत. हा फरक कशाने पडतो ते बघू. आणि मग एक जरा अवघड प्रश्न आहे: समुद्रातून सगळं वगळून तो ‘शुद्ध’ करताना आपण कुणाला वगळतो?

आधी शब्दाचं बघू

‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या शब्दाचं मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ओढून बाजूला काढणं. म्हणजे ती एक क्रिया आहे. काहीतरी असतं, त्यातून काहीतरी काढून घेतलं जातं. आपला ‘अमूर्त’ शब्द वेगळ्या दिशेने येतो. ज्याला मूर्ती नाही, आकार नाही, ते अमूर्त. इथे क्रिया नाही, अवस्था आहे. मराठीत कलेबद्दल बोलताना आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि बराच गोंधळ तिथेच सुरू होतो.

लाटेच्या बाबतीत तर हा गोंधळ फारच गमतीदार आहे. भौतिकशास्त्रात लाट म्हणजे काय? खोल समुद्रात लाट पुढे जाते तेव्हा पाणी तिच्याबरोबर पुढे जात नाही. पाण्याचा कण जवळपास जागच्या जागी गोल फिरतो. पुढे सरकते ती ऊर्जा, आणि तिच्याबरोबर आकार. पाण्यावर तरंगणारा नारळ बघा. लाट खालून निघून जाते, नारळ वर-खाली होऊन साधारण तिथेच राहतो. म्हणजे लाट ही वस्तू नाहीच, ती निव्वळ आकार आहे. मराठी अर्थाने बघितलं तर तिच्याइतकं मूर्त काही नाही. लॅटिन अर्थाने बघितलं तर ती आधीच पाण्यातून ‘काढून घेतलेली’ गोष्ट आहे. फोटो काढणाऱ्याने काही करायच्या आधीच निम्मं काम समुद्राने केलेलं असतं!

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना आपल्या चित्रांसाठी ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ हा शब्द पसंत नव्हता. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत, म्हणजे कुठल्याही वस्तूपासून न निघालेलं. कोऱ्या कॅनव्हाससमोर बसलेल्या चित्रकाराला हे म्हणता येतं. कॅमेऱ्याला ही सोय नाही. भिंगासमोर काहीतरी असावंच लागतं आणि त्यावरून आलेला प्रकाशच आत जातो. म्हणून कॅमेरा हातात असलेल्या माणसाकडे एकच मार्ग उरतो, वगळण्याचा. क्षितिज वगळा, रंग वगळा, मापाचा अंदाज देणारी प्रत्येक गोष्ट वगळा, वेळ वगळा, जागेचं नाव वगळा. त्यामुळे अशा फोटोची समीक्षा करताना ‘हे काय आहे?’ हा प्रश्न फारसा कामाचा नसतो. ‘इथे काय वगळलंय आणि वगळून काय मिळालं?’ हा खरा प्रश्न.

शटरचं गणित

सगळ्यात पहिली वगळलेली गोष्ट म्हणजे काळ. याचं गणित सोपं आहे, करूनच बघू.

फुटणाऱ्या लाटेतलं पाणी सेकंदाला पाच मीटर वेगाने जातंय असं समजा. शटर १/२००० सेकंद उघडं ठेवलं, तर तेवढ्या वेळात पाणी अडीच मिलिमीटर सरकेल. फोटोत प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा सुटा दिसेल. शटर १/४ सेकंद उघडं ठेवलं, तर तेच पाणी सव्वा मीटर सरकेल आणि फोटोत पुसट पट्टे येतील, ब्रश फिरवल्यासारखे. आणि भिंगासमोर काळी काच लावून शटर एक मिनिट उघडं ठेवलं तर? आठ सेकंदांना एक या हिशेबाने सात-आठ लाटा येऊन जातील. त्यातली एकही दिसणार नाही. खडकांभोवती धुकं साचल्यासारखं काहीतरी दिसेल.

आता गंमत बघा. या तिन्हींपैकी एकही चित्र आपल्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसते ती येणारी लाट. ती उंचावते, पाणी उथळ झालं की (साधारण लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊण पटीपर्यंत पोचली की) फुटते, आणि मग पुढची येते. लाट म्हणजे ‘येणं’. फोटोत नेमकं तेच नसतं. म्हणजे लाटेचा कुठलाही फोटो, अगदी लग्नाआधीच्या फोटोशूटमधला पाठीमागचा समुद्रसुद्धा, लाटेतली मुख्य गोष्ट काढून टाकूनच तयार होतो. या अर्थाने सगळेच लाटांचे फोटो थोडे अमूर्त असतात. त्यामुळे नुसतं थिजवलं किंवा नुसतं पुसट केलं, एवढ्याने कलाकृती तयार झाली असं मानायचं कारण नाही. ते शटरने केलेलं असतं.

हे आज सोपं वाटतं, पण एकेकाळी हाच मोठा पराक्रम होता. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६ ते १८५८ या काळात समुद्राचे फोटो काढले. तेव्हा काचेवर ओलं कलोडियन पसरून निगेटिव्ह करावी लागे. ते रसायन निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई. समुद्र नीट यावा म्हणून हिशेब केला की आभाळ पांढरंफटक होई, आभाळ सांभाळलं तर समुद्र काळा पडे. ल ग्रेची सगळ्यात प्रसिद्ध लाट भूमध्य समुद्राकाठच्या सेत गावची, १८५७ची. ती दोन निगेटिव्हांतून तयार झाली आहे, एक समुद्राची आणि एक आभाळाची, क्षितिजाच्या रेषेवर जोडलेल्या. म्हणजे लाटेच्या सुरुवातीच्या महान फोटोंपैकी एक हा असा क्षण आहे जो तसा कधी घडलाच नाही! ‘फोटोशॉप आहे हो’ म्हणून आज नाक मुरडणाऱ्यांना हे अवश्य सांगा.

पण ल ग्रेला अमूर्त काही करायचं नव्हतं. त्याच्या फोटोत डावीकडे बंदराचा धक्का आहे, क्षितिज आहे, ढग आहेत. समुद्र समुद्रासारखा दिसावा यासाठीच त्याची सगळी धडपड होती.

क्षितिज काढलं की काय होतं

वगळण्याची पुढची पायरी पाण्यावर नाही, आभाळावर चढली गेली. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने १९२२ पासून लेक जॉर्जच्या काठी ढगांचे फोटो काढायला सुरुवात केली. पुढे या फोटोंना त्याने ‘इक्विव्हॅलंट्स’ असं नाव दिलं, म्हणजे समतुल्य. कशाचे? मनाच्या अवस्थांचे. प्रिंट छोटे, तळहाताएवढे. त्यातल्या बऱ्याच फोटोंत जमीन नाही, क्षितिज नाही. वरची बाजू कुठली हे सांगणारी खूणच नाही.

रोझालिंड क्राउस या समीक्षकेने १९७९ साली या फोटोंवर लिहिलं आणि माझ्या कामाला त्या लेखाचा फार आधार आहे. तिचा मुद्दा माझ्या शब्दांत सांगायचा तर असा: या फोटोंत महत्त्वाचा आहे तो ‘काप’. आभाळाला कडा नसतात, त्यामुळे चौकट कुठेही ठेवली तरी ती नैसर्गिक वाटत नाही. आपल्याला सतत जाणवत राहतं की हे कुणीतरी कापून आणलंय. शिवाय जमीन काढून टाकल्यामुळे पाय टेकायला जागा उरत नाही. बघणारा अधांतरी होतो.

समुद्राकडे वळलेल्या पुढच्या अनेकांनी स्टीग्लिट्झची ही युक्ती उचलली. क्षितिज काढा, किनारा काढा, पक्षी काढा, उरलं ते अमूर्त. पण युक्ती आणि दृष्टी यांत फरक आहे. स्टीग्लिट्झच्या फोटोत ढग हे ढगच राहतात. ते दुसरं काहीतरी आहेत असं भासवायचा प्रयत्न नाही. ‘ओळखा पाहू’ नाही.

कोड्याची गोष्ट

आता आजच्या फोटोंकडे येऊ. ऑस्ट्रेलियाचा रे कॉलिन्स हा या प्रकारातला फार मोठा कलाकार. तो आधी कोळशाच्या खाणीत काम करायचा, आणि त्याला रंगांधत्व आहे. कदाचित म्हणूनच त्याचं लक्ष रंगापेक्षा उजेड-अंधारावर आणि आकारावर जास्त असतं, असं मला वाटतं. तो स्वतः पाण्यात उतरून लाटेच्या पातळीवरून फोटो काढतो. त्याच्या काही फोटोंत लाट खरोखर हिमशिखर वाटते.

त्याचे चांगले फोटो मला आवडतात, हे आधीच सांगते. खवळलेल्या पाण्यात कॅमेरा सांभाळत तरंगणं हे शरीराचं कौशल्य आहे आणि ते फोटोत जाणवतं. पण या फोटोंचं कौतुक कसं होतं ते ऐका. ‘अगदी डोंगरासारखी!’ ‘काचेसारखी!’ ‘रेशमासारखी!’ प्रत्येक वेळी कौतुक दुसऱ्या कशाचं तरी होतं. लाट चांगली का, तर ती लाट वाटत नाही म्हणून. यालाच मी कोडं म्हणते. कोड्यात दोन पायऱ्या असतात: चकवा आणि उत्तर. चकव्यात मजा असते, उत्तरात मजा असते, आणि मग आपण अंगठा वर सरकवून पुढच्या फोटोकडे जातो. खरं तर हे अमूर्ताच्या उलटं आहे. एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू बसवली. पाण्याची मूर्ती घडवली, इतकंच. १/२००० सेकंदाने तर तिचं शिल्पच झालं.

याची एक साधी परीक्षा आहे, तुम्हीही घेऊन बघा. असा फोटो उत्तर माहीत झाल्यावर पुन्हा पाच मिनिटं बघा. तो आता तुम्हाला काय देतो? काहीच देत नसेल तर ते कोडं होतं. कॉलिन्सचे काही फोटो या परीक्षेत टिकतात. ज्यांत फेसाची कड आणि मागचं आभाळ यांच्यात ताण आहे, ते टिकतात. त्याची नक्कल करणारे हजारो फोटो टिकत नाहीत.

जो काहीच वगळत नाही असं वाटतं

उलट टोकाला हिरोशी सुगिमोतो आहे. हा जपानी छायाचित्रकार १९८० पासून समुद्र टिपतोय. कृष्णधवल, मोठ्या आकाराची निगेटिव्ह, आणि प्रत्येक फोटोची रचना एकच: बरोबर मध्यावर क्षितिज, वर हवा, खाली पाणी. जहाज नाही, पक्षी नाही, किनारा नाही. सुरुवात जमैकाजवळच्या कॅरिबियन समुद्रापासून झाली आणि मग जगभरचे समुद्र आले. फोटोचं नाव म्हणजे समुद्र, जागा आणि साल.

सुगिमोतोचा मूळ प्रश्न असा होता की आदिमानवाने जे पाहिलं तेच दृश्य आजचा माणूस पाहू शकतो का? जमिनीवर ते शक्य नाही, सगळं बदललंय. समुद्रावर कदाचित शक्य आहे.

इथे चकवा नाही. हा समुद्र आहे हे पहिल्या क्षणी कळतं. कोडं नसल्यामुळे उत्तर नाही आणि उत्तर नसल्यामुळे शेवट नाही. आपण बघत राहतो. दोन राखाडी पट्ट्यांमध्ये काय चाललंय, हवा कुठे संपते, हा फोटो मघाच्या फोटोपेक्षा वेगळा कसा, हे शोधत राहतो. एका फोटोत बारीक तरंग आहेत, दुसऱ्यात धुक्याने रेषाच गिळलीय. एकच रचना पुन्हा पुन्हा आल्यामुळे जे दिसतं ते फक्त फरक. मला वाटतं, सुगिमोतोने ‘येणं’ परत आणलं. एका लाटेचं नाही, फोटोंच्या रांगेचं. एक येतो, मग दुसरा येतो. गॅलरीत चालत जाताना हे पायांना कळतं.

पण सुगिमोतोलाही एक प्रश्न विचारायलाच हवा. या मालिकेतला एक गाजलेला फोटो ‘बोडन सी’ नावाचा, १९९३चा. यू-टू या बँडच्या २००९ सालच्या अल्बमचं मुखपृष्ठ म्हणून तो जगभर पोचला. बोडनसे हे स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्या मधलं एक तळं आहे. गोड्या पाण्याचं. जर्मन नावातला ‘से’ म्हणजे इथे तळं. मालिकेत अमेरिकेतलं लेक सुपीरियरही आहे. म्हणजे किनारा वगळला की तळं आणि समुद्र सारखेच! मग ‘आदिमानवाने पाहिलेला समुद्र’ म्हणजे नक्की काय राहिलं? तो समुद्र आहे असं आपण मानतो कारण मालिकेचं नाव तसं सांगतं. वगळत वगळत सुगिमोतो एका अशा जागी पोचला जिथे प्रत्येक समुद्र सारखा आहे. काही जणांना यात ध्यान दिसतं. मला त्यात थोडी भीतीही दिसते. तिच्याकडे शेवटी येते.

किहीमच्या पुळणीवर

आता घराजवळ येऊ. नसरीन मोहमदी यांचं नाव तुम्ही त्यांच्या रेषाचित्रांमुळे ऐकलं असेल. शाई आणि पेन्सिलीने काढलेल्या बारीक, काटेकोर रेषा, बस्स. जन्म १९३७चा, कराचीतला. १९७२ पासून त्या बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवत होत्या. अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचं घर होतं आणि १९९० साली तिथेच त्या गेल्या. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा सुरू केली, तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांपैकी एक त्यांचं होतं.

त्यांनी आयुष्यभर फोटोही काढले आणि हयातीत ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. बहुतेकांना नाव नाही, तारीख नाही. रस्त्यावरच्या पट्ट्या, इमारतींच्या कडा, मागावरचे ताणलेले धागे, आणि समुद्राचा काठ. ओली वाळू, मागे सरणाऱ्या पाण्याची कड, फ्रेममधून तिरकी जाणारी एक काळी-पांढरी सीमा.

या फोटोंत ‘ग्रेट वेव्ह’ नाही. उंच काही नाहीच. कॅमेरा खाली बघतो. लाट जिथे संपते, थकून वाळूत जिरते, तिथे. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ऊर्जा संपल्यानंतरची जागा. ओहोटीच्या वेळी पुळणीवर चाललेल्या कुणालाही ती ओळखीची असते: पाणी गेलंय, त्याची रेघ राहिलीय, आणि पुढच्या पाण्याने ती पुसणार आहे. इथे मला तो ‘येणं-जाणं’ पुन्हा दिसतं आणि तेही थिजलेल्या फोटोत, कारण रेघ ही गेलेल्या लाटेची खूण असते. सुगिमोतोला त्यासाठी फोटोंची रांग लागते. इथे एक फोटो पुरतो.

आणि हे कोडं नाही. ही वाळू आहे, हे पाणी आहे, हे दिसतंच. तरी नजर रेषेवरच राहते. रेषाचित्रं आणि हे फोटो शेजारी ठेवले की एक मोह होतो, ‘बघा, हे फोटो म्हणजे चित्रांची तयारी.’ अभ्यासकही त्या मोहात पडतात. माझं मत वेगळं आहे. चित्रांत रेषा कधीच डगमगत नाही. फोटोंत ती ओली आहे, तुटते, फेसाळते. चित्रात जे शिस्तीने वगळलं, ते फोटोत राहू दिलंय. तयारीपेक्षा हा मला प्रतिवाद वाटतो. त्या स्वतःशीच बोलत असाव्यात. कदाचित म्हणून ते प्रदर्शनात मांडले नसतील, पण हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही.

रिकामा समुद्र कुणाचा?

आता तो अवघड प्रश्न. होकुसाईची कानागावाची लाट, १८३१च्या आसपासची, तुमच्या डोळ्यांसमोर असेलच. कपांवर, टी-शर्टांवर सगळीकडे असते. तिच्यात काय आहे आठवा. लाट, फुजी पर्वत, आणि तीन होड्या. होड्यांत माणसं आहेत, खाली वाकून वल्ह्यांना धरून बसलेली. आधुनिक जगात लाटेची सगळ्यात प्रसिद्ध प्रतिमा म्हणजे कामावर निघालेल्या माणसांचं चित्र आहे, आणि आपण ती माणसं बघायचीच विसरतो.

‘अमूर्त’ लाटेत ही माणसं आधीच काढलेली असतात. यात कलेच्या दृष्टीने गुन्हा काही नाही. पण मुंबईतला पावसाळा घ्या. महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते आणि त्या दिवशी मरिन ड्राइव्हला कॅमेऱ्यांची गर्दी उसळते. लाट भिंतीवर आणि काँक्रीटच्या चार पायांच्या ठोकळ्यांवर आपटून सरळ वर जाते, फोटो भन्नाट येतो. मग तो घरी जाऊन कृष्णधवल केला जातो. का? कारण मुंबईचं पावसाळी पाणी तपकिरी असतं. गाळ असतो, कचरा असतो. रंग काढला की गाळ जातो आणि नाट्य उरतं. या शहरात ‘अमूर्त’ करण्याची पहिली पायरी बऱ्याचदा घाण लपवण्याची असते. चौकट वर उचलली की काँक्रीटही जातं. उरते शुद्ध, रिकामी लाट.

तोच काळ मासेमारी बंदीचा असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. कोळीवाड्यांत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. म्हणजे फोटोवाल्यांचा समुद्र सुरू होतो तेव्हा कोळ्यांचा समुद्र बंद असतो. म्हणूनही तो रिकामा दिसतो.

कोळ्यांसाठी समुद्र रिकामा कधीच नसतो. त्यात वाटा असतात, खडक असतात, जाळ्यांच्या जागा असतात, उधाण आणि भांगाचे हिशेब असतात. मुंबईचा कोस्टल रोड बांधताना वरळीच्या कोळ्यांनी पुलाच्या खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं, कारण तिथून होड्या ये-जा करतात. आराखड्यात ते ६० मीटर होतं. बऱ्याच आंदोलनानंतर २०२३च्या सुमारास ते १२० मीटर करायचं ठरलं, मागणी त्याहून जास्त होती. नकाशावर तिथे निळा रंग होता, बाकी काही नव्हतं. समुद्र म्हणजे मोकळी जागा, ही समजूत कुठून येते? फोटोंनी पूल बांधला असं मी म्हणत नाही, ते हास्यास्पद होईल. पण ज्या शहराला आपला समुद्र रिकामाच बघायची सवय लागलीय, त्याला तिथे वाट होती हे समजावून सांगायला वेळ लागतो. सुगिमोतोच्या फोटोंसमोर मला वाटणारी भीती ती हीच. सगळे समुद्र सारखे दिसू लागले की कुठलाच समुद्र कुणाचा राहत नाही.

मग काय, लाटांचे अमूर्त फोटो काढूच नयेत? मुळीच नाही. रोनी हॉर्न या अमेरिकन कलाकाराचं १९९९चं काम बघा. लंडनच्या टेम्स नदीच्या पाण्याचे पंधरा मोठे प्रिंट. नदी आहे, समुद्र नाही, पण प्रश्न तोच. चौकटभर फक्त पाणी, ना काठ ना क्षितिज. एकदम अमूर्त. पण जवळ गेलात की पाण्यावर बारीक आकडे छापलेले दिसतात, आणि खाली त्यांच्या तळटीपा. त्यांत पाण्याच्या काळेपणाबद्दलचे विचार आहेत, त्या नदीत जीव दिलेल्या माणसांच्या गोष्टी आहेत, प्रश्न आहेत. तुम्ही टीप वाचता, वर पाण्याकडे बघता, पाणी तेच असतं आणि तेच राहिलेलं नसतं. काढून टाकलेलं सगळं हॉर्नने चौकटीच्या कडेला परत आणून ठेवलं. आकार आकारच राहिला, फक्त त्याच्या खाली काय आहे हे झाकलं गेलं नाही.

पुढचा फोटो बघताना

माझ्या प्रकरणाचा निष्कर्ष अजून मार्गदर्शकांकडून तपासून यायचाय, पण इथपर्यंत वाचलंत तर तीन प्रश्न घेऊन जा. लाटेचा ‘अमूर्त’ फोटो समोर आला की एवढं विचारा.

एक, हे काय आहे ते कळल्यावरही मी बघत राहते का? दोन, वेळेचं काय झालं? थेंब थिजलेत, पुसट झालेत, की गेलेल्या लाटेची काही खूण चौकटीत शिल्लक आहे? तीन, चौकटीच्या लगेच बाहेर काय असेल? भिंत, होडी, प्लास्टिक, माणूस? आणि ते बाहेर ठेवल्याने फोटोला काही मिळालं, की फक्त तो स्वच्छ झाला?

तिसऱ्या प्रश्नाला ‘फक्त स्वच्छ झाला’ हे उत्तर फार वेळा येतं. मिळालंच नाही असं होत नाही, पण जे मिळतं ते बहुतेक वेळा शटरचं असतं, बघणाऱ्याचं नसतं.

किहीमला कधी गेलात तर ओहोटीच्या वेळी जा आणि कॅमेरा पाण्याऐवजी पायांकडे धरून बघा. पाणी मागे जाताना वाळूवर जी रेघ राहते, ती पुढची लाट येईपर्यंतच असते. तेवढ्या वेळात ठरवायचं, चौकटीत काय ठेवायचं आणि काय नाही.